सह्याद्रीतला छोटा शिंजीर: ओळख आणि निरीक्षण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घाटात पक्षी बघायला लागलेली मंडळी शिंजिरांबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, आणि त्यातले बरेचसे एका पक्ष्यापाशी येऊन थांबतात: आपल्या जंगलातला सगळ्यांत लहान शिंजीर, म्हणजे छोटा शिंजीर. म्हणून त्याला मध्यभागी ठेवून ही उत्तरं एकत्र केली आहेत. बाकीचे शिंजीर ओघाने येतातच, कारण त्यांना बाजूला काढल्याशिवाय हा ओळखता येत नाही.

1. शिंजीर म्हणजे नेमका कुठला पक्षी? सूर्यपक्षी वेगळा का?

दोन्ही एकच. फुलांतला मकरंद पिणाऱ्या, बारीक बाकदार चोचीच्या या छोट्या पक्ष्यांना मराठीत शिंजीर किंवा सूर्यपक्षी म्हणतात. हे कुळ आफ्रिकेपासून आशियातून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं आहे. मराठी पुस्तकांत एकाच जातीला दोन-तीन नावं सापडतात, त्यामुळे नोंद करताना शास्त्रीय नावही लिहावं. छोट्या शिंजिराचं शास्त्रीय नाव लेप्टोकोमा मिनिमा. तो पश्चिम घाटाचा प्रदेशनिष्ठ पक्षी आहे, म्हणजे जगात दुसरीकडे कुठेही तो सापडत नाही.

2. आमच्या बागेत हमिंगबर्ड येतो. हा तोच का?

नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. भारतात फुलापाशी भिरभिरणारा इवलासा चमकदार पक्षी दिसला तर तो शिंजीर. शिंजीरही क्षणभर हवेत पंख फडफडवत एका जागी थांबून फुलात चोच घालू शकतो, म्हणून गैरसमज होतो. पण ही त्याची रोजची रीत नाही. तो फुलाच्या देठावर किंवा शेजारच्या काडीवर बसतो, वेळ पडली तर उलटा लोंबकळतो आणि तसाच मकरंद पितो. पायांचा असा वापर हमिंगबर्ड करत नाही. दोन्ही कुळं एकमेकांपासून खूप दूरची आहेत. मकरंदावर जगता जगता दोघांची चोच आणि जीभ सारख्या वळणावर गेली, इतकंच.

3. सह्याद्रीत शिंजिराच्या किती जाती दिसतात?

महाराष्ट्राच्या बाजूने चालत गेलं तर पाच.

जांभळा शिंजीर सगळीकडे भेटतो: शहरातल्या बागा, माळ, शेताचे बांध, विरळ जंगल. विणीच्या काळातला नर सावलीत काळा आणि उन्हात निळा-जांभळा दिसतो.

जांभळ्या पाठीचा शिंजीरही वस्तीला सरावलेला आहे. नाव पाठीवरून असलं तरी जांभळा रंग शेपटीच्या मुळाशी असतो; पाठ तपकिरी-किरमिजी आणि पोट पिवळं.

लोटेनचा शिंजीर पहिल्या नजरेत जांभळ्या शिंजिरासारखाच वाटतो, पण त्याची चोच चांगलीच लांब आणि जास्त बाकदार असते. पोट निळं-काळं नसून धुरकट तपकिरी असतं. सिलोनचा एक डच गव्हर्नर योआन गिडियन लोटेन याचं नाव त्याला मिळालं आहे.

विगर्सचा शिंजीर हा खास आपल्या उत्तर सह्याद्रीचा. नराचा कंठ आणि छाती लालभडक, त्या लालावर पिवळ्या बारीक रेघा, पोट राखाडी. पूर्वी त्याला लाल शिंजिराची उपजात मानत. आता तो स्वतंत्र जात गणला जातो.

आणि पाचवा आपला छोटा शिंजीर. हा आणि विगर्सचा, या दोघांचं शास्त्रीय वर्णन 1832 साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत प्रसिद्ध केलं.

दक्षिणेला आंबोली-तिलारीच्या बाजूला गेलात तर याच कुळातला छोटा कोळीखाऊही भेटू शकतो. चोच प्रचंड लांब, अंगावर चमक नाही, आणि रानकेळीच्या फुलांवर खास जीव.

4. छोट्या शिंजिराचा नर कसा ओळखायचा?

आधी आकार बघा. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम 8 सेंटिमीटर, म्हणजे चिमणीच्या साधारण निम्मा. चोच बारीक, मध्यम लांबीची, थोडी खाली वळलेली.

विणीच्या काळातल्या नराचं डोकं चमकतं हिरवं, कंठ जांभळट-गुलाबी, पाठ आणि खांदे गडद किरमिजी, शेपटीच्या मुळाशी जांभळा पट्टा. छातीवर आडवा रुंद किरमिजी पट्टा आणि त्याखाली पिवळं पोट. एवढे रंग वाचायला बरे वाटतात, पण प्रत्यक्षात पक्षी दोन-तीन सेकंदांत जागा बदलतो. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या नजरेत छाती आणि पाठ एवढंच बघा. किरमिजी रंग छातीवर रुंद आणि पाठीवर उठून दिसणारा असेल तर पुढचं बघायला तुम्ही योग्य पक्ष्यावर आहात.

5. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नरही असाच दिसतो. दोघांत फरक काय?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आराखडा दोघांचा एकच आहे: हिरवं डोकं, जांभळा कंठ, छातीवर पट्टा, पिवळं पोट. फरक तीन-चार ठिकाणी आहे आणि सगळे एकदम दिसायलाच हवेत असं नाही.

पहिला फरक पोटाच्या बाजूंचा. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचं पोट मध्यभागी पिवळं आणि दोन्ही कुशींना राखाडी-पांढरं असतं. छोट्याच्या कुशीला हा पांढुरका भाग डोळ्यात भरत नाही, पिवळेपणा बाजूपर्यंत जातो. उजेड कमी असला तरी हे दिसतं, म्हणून मी यावर सगळ्यांत जास्त भरवसा ठेवतो.

दुसरा पाठीचा. छोट्याची पाठ खरोखर किरमिजी, ओलसर दिसणारी. दुसऱ्याची मातकट तपकिरीकडे झुकलेली. तिसरा छातीच्या पट्ट्याचा: छोट्याचा रुंद, दुसऱ्याचा अरुंद. चौथा खांद्याचा: जांभळ्या पाठीच्या नराच्या खांद्यावर चमकत्या हिरव्या रंगाचा छोटा डाग असतो. तो पिसांखाली झाकला जातो, त्यामुळे दिसला तर उपयोगी, नाही दिसला तर त्यावरून काही ठरवू नका.

जागेचाही आधार घ्यावा. गावातल्या शेवग्यावर किंवा सोसायटीच्या बागेत दिसलेला पक्षी बहुतेक जांभळ्या पाठीचाच असतो. सदाहरित किंवा निमसदाहरित रानात, घाटमाथ्यावर, सावलीच्या पायवाटेवर छोट्याची शक्यता वाढते. पण जंगलाच्या कडेला दोघेही एकाच झुडपावर येतात, तेव्हा जागेवरून निकाल देऊ नये.

6. मादी ओळखताच येत नाही. सगळ्या माद्या सारख्याच नाहीत का?

नाहीत. आणि मादीकडे पाठ फिरवणारा माणूस निम्मा पक्षी न बघताच घरी जातो. माद्यांना चमक नसते हे खरं, पण म्हणूनच त्यांच्याकडे बघताना उजेड फसवत नाही.

छोट्या शिंजिराची मादी वरून शेवाळी-तपकिरी, खालून मळकट पिवळी. तिची खूण शेपटीच्या मुळाशी आहे: गडद लाल डाग. आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याच शिंजिराच्या मादीला तो नसतो. अडचण अशी की मादी सरळ बसलेली असताना मिटलेल्या पंखांची टोकं त्यावर येतात आणि ती निव्वळ मातकट दिसते. ती फुलापर्यंत पोचायला पुढे वाकते, किंवा उलटी लोंबकळून चोच वर घालते, तेव्हा पंख किंचित सुटतात आणि तो लाल डाग लख्ख दिसतो. म्हणून मादी दिसली की ती फुलावर वाकेपर्यंत दुर्बीण तिच्यावरच ठेवा. नर शेजारी आला तरी नजर हलवू नका.

जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा कंठ पांढुरका, छाती पिवळी, कुशी राखाडी-पांढऱ्या आणि पंखांच्या कडा तांबूस. जांभळ्या शिंजिराची मादी कंठापासून खाली फिकट पिवळी, डोळ्यावर पुसट फिकट भुवई, शेपूट काळपट. लोटेनच्या मादीला ती भुवई नसते आणि चोच लांब असते. विगर्सची मादी बरीचशी राखाडी-शेवाळी, पिवळेपणा जवळजवळ नाहीच.

7. मला तर पक्षी पूर्ण काळाच दिसला. हा कुठला?

बहुतेक वेळा कुठलाही नर. शिंजिराच्या डोक्या-कंठावरची हिरवी, जांभळी, निळी चमक रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश पडून परत फिरतो, त्यातून तो रंग तयार होतो. कोन बदलला की रंग बदलतो आणि प्रकाश पक्ष्याच्या मागून आला की रंग नाहीसाच होतो. एकाच नराचा कंठ मान वळवता वळवता काळा, जांभळा, गुलाबी आणि पुन्हा काळा होताना दिसतो.

उपाय साधा आहे: सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी जागा धरा. ते जमत नसेल तर चमकणारे भाग सोडून न चमकणारे भाग बघा, म्हणजे पोट, कुशी आणि चोचीची लांबी. पोट पिवळं असेल तर जांभळा आणि लोटेनचा हे दोन्ही विणीच्या वेषातले नर लगेच बाद होतात.

8. अर्धा पिवळा, अर्धा काळा, छातीवर मधोमध काळी रेघ असलेला शिंजीर दिसला. नवी जात आहे का?

नाही. तो जांभळ्या शिंजिराचा नर आहे, विणीबाहेरच्या पिसाऱ्यातला. वीण संपल्यावर तो चमकदार पिसं टाकून मादीसारखा साधा होतो; फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टा आणि खांद्यावर थोडी निळी चमक उरते. पिसं बदलत असताना अंगावर ठिकठिकाणी काळे डाग दिसतात. वयात येणारा तरुण नरही याच टप्प्यातून जातो, त्यामुळे असा पक्षी बघून वय सांगायला जाऊ नये.

छोट्या शिंजिराचा नरही असा वेष बदलतो. डोकं आणि कंठ मादीसारखे मळकट होतात, पण पाठीवर किरमिजी छटा राहते. ती दिसली तर ‘लाल डागाची मादी’ असं घाईने लिहू नका: मादीला लाल फक्त शेपटीच्या मुळाशी असतो, नराला पाठीवर. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर मात्र वर्षभर साधारण एकाच वेषात दिसतो.

9. फोटोत पक्ष्याचं कपाळ पिवळं आलंय. कुठल्याच पुस्तकात असा शिंजीर नाही!

ते परागकण आहेत. फुलात डोकं खुपसताना पुंकेसर कपाळाला किंवा हनुवटीला घासतात आणि पिवळा, केशरी किंवा पांढुरका थर बसतो. मुरुडशेंगेवर हे फार स्पष्ट दिसतं. तिच्या फुलातून पुंकेसरांचा लांब वाकडा दांडा बाहेर आलेला असतो आणि पक्षी मकरंदापर्यंत पोचला की दांड्याचं टोक बरोबर त्याच्या डोक्यावर टेकतं. असा फोटो टाकून देऊ नका. कुठल्या फुलावर होता ते लिहून ठेवलंत तर कोणता पक्षी कुठल्या झाडाचे पराग वाहतो याचा तो पुरावाच आहे.

10. फुलटोच्या आणि चष्मेवाला यांच्याशी गल्लत होते. काय करू?

चोच बघा. फुलटोच्याची चोच आखूड आणि जवळजवळ सरळ असते, अंगकाठी गोलमटोल, शेपूट आखूड. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि तो थव्याने फिरतो. फुलटोच्या आकाराने छोट्या शिंजिराइतकाच असल्यामुळे उंच झाडाच्या शेंड्यावर खरी पंचाईत होते, विशेषतः बांडगुळावर, कारण तिथे दोघेही येतात.

11. छोटा शिंजीर बघायला कुठे आणि कधी जावं?

कर्नाळा, फणसाड, माथेरान, भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली, तिलारी: चांगलं झाड-झाडोरा टिकलेली अशी कुठलीही घाटाची जागा चालेल. उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे तो अधिक सहज भेटतो. पश्चिम घाटात तो थेट केरळपर्यंत आहे. विगर्सचा बघायचा असेल तर मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि कर्नाळा या सोप्या जागा.

काळ म्हणाल तर डिसेंबर ते मार्च. तेव्हा रानातली बरीच झाडं-झुडपं फुलतात, पानं विरळ झालेली असतात आणि याच सुमारास छोट्याची वीणही जोरात असते. हा पक्षी फुलोऱ्यामागे वर-खाली सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीची जागा या वर्षी रिकामी मिळू शकते. जागा लक्षात ठेवण्यापेक्षा झाड लक्षात ठेवणं जास्त फळतं.

12. मग कुठल्या झाडापाशी थांबावं?

एकच नाव सांगायचं तर धायटी. उघड्या उतारावर, पायवाटेच्या कडेला, कातळाच्या फटीत वाढणारं हे झुडूप जानेवारीपासून लालभडक नळीदार फुलांनी फांदीभर लगडतं. झुडूप कमरेइतकं किंवा डोक्याइतकं उंच, म्हणजे पक्षी नजरेच्या पातळीवर येतो. मान मोडून वर बघत बसावं लागत नाही. सकाळचं ऊन उतारावर आलं की नर येतो. तो एका टोकापासून सुरू करतो, फूल-फूल करत फांदी संपवतो, एखादी वाळकी काडी धरून चोच दोन्ही बाजूंनी पुसतो आणि पुन्हा सुरू होतो. दुसरा कुणी त्या झुडपावर उतरला की त्याला हाकलून देतो, मग तो त्याच्याहून मोठा का असेना. असं राखण करणारा नर असेल तर तुम्हाला कुठेही जायची गरज नाही, तो तिथेच परत येणार.

धायटीच्या खालोखाल बांडगूळ. आंब्यावर, ऐनावर वाढणाऱ्या या परजीवी झुडपाची फुलं नळीसारखी असतात. काही बांडगुळांच्या पक्व कळीला पक्ष्याने चोचीने टोचलं की ती फटकन उघडते आणि पराग उडतो. शिंजीर आणि फुलटोच्ये यांच्याशिवाय बांडगुळाचं पान हलत नाही. झाडाचं नुकसान होतं म्हणून लोक बांडगूळ सरसकट तोडतात. जंगलात तरी ते राहू द्यावं.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुरुडशेंग. तिची ताजी फुलं तांबडी असतात आणि जुनी होता होता निळसर-राखी पडतात. शिंजीर बहुतेक वेळ तांबड्या फुलांवर घालवतात, हे नुसतं बसून बघितलं तरी कळतं.

पळस, पांगारा, काटेसावर यांवर पक्षी भरपूर येतात, पण तिथे मैना, बुलबुल, कोतवाल यांची गर्दी असते आणि छोटा शिंजीर कडेच्या फांदीवर ढकलला जातो. दुर्बिणीने बाहेरच्या फांद्या आधी तपासा.

13. दुर्बीण कुठली घ्यावी? किती लांबून बघावं?

8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. 10 पटीच्या दुर्बिणीत एवढा चपळ पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. विकत घेताना एक गोष्ट आवर्जून तपासा: दोन मीटरवरची वस्तू तिच्यातून स्पष्ट दिसते का. धायटीवरचा शिंजीर अनेकदा इतका जवळ येतो की साध्या दुर्बिणीत तो धूसर होतो. अंतराचं माप पक्षी स्वतः सांगतो. तुम्ही बसल्यावर त्याचं खाणं चालू राहिलं तर अंतर ठीक. तो शेंड्यावर जाऊन एकसारखा चिटचिटत राहिला तर दोन पावलं मागे या.

14. आवाजावरून ओळखता येतो का?

पक्षी आहे एवढं कळतं, जात ठरवणं कठीण. सगळेच बारीक, टोकदार ‘त्सिट, त्सिट’ करतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात उंच काडीवर किंवा तारेवर बसून ‘चीविट चीविट’ असं लांबलचक गातो, ते मात्र लवकर कानात बसतं. मर्लिनसारखं आवाज ऐकून पक्षी ओळखणारं ॲप सुचवेल ते नाव सुरुवातीचा धागा समजा आणि पक्षी डोळ्याने बघूनच नोंद करा.

15. तो फुलाच्या बुडाला भोक पाडताना दिसला. हे काय?

मकरंदाची चोरी. फुलाची नळी चोचीपेक्षा लांब असली की शिंजीर बाजूने बुडाला टोचतो आणि थेट मकरंद पितो. पुंकेसरांना स्पर्श होत नाही, म्हणजे झाडाला परागीकरणाचा मोबदला मिळत नाही. बागेतल्या जास्वंदीवर हे हमखास बघायला मिळतं. कुठल्या फुलात तो समोरून जातो आणि कुठल्या फुलाला भोक पाडतो, एवढं लिहीत गेलं तरी सुंदर वही तयार होते.

16. तो फक्त मकरंदावर जगतो का?

नाही. कोळी, अळ्या, बारीक कीटक तो रोज खातो. मकरंद म्हणजे मुख्यतः साखर. पिल्लांची वाढ व्हायला प्रथिनं लागतात, म्हणून त्यांना भरवताना आई-बाप कोळी आणि कीटकच जास्त आणतात. फुलं नसलेल्या झाडाच्या पानांखाली, जाळ्यांपाशी शिंजीर घोटाळताना दिसला तर आसपास पिल्लं असण्याची शक्यता धरून सावकाश मागे सरका.

17. शिंजिराचं घरटं कसं असतं?

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते घरटं वाटतच नाही. बारीक फांदीला किंवा नेच्याच्या टोकाला कचरा अडकून लोंबतोय असं दिसतं, आणि तेच त्याचं संरक्षण आहे. लांबट पिशवी, बाजूला वरच्या अंगाला गोल तोंड, बऱ्याचदा तोंडावर छोटीशी पडवी. बाहेरून साल, वाळकी पानं, दगडफूल, अळ्यांची विष्ठा असं काहीबाही चिकटवलेलं. आतून मऊ कापूस. छोटा शिंजीर त्यात शेवाळ बरंच वापरतो.

हे सगळं एकत्र धरतं ते कोळ्याचं जाळं. मादी जाळ्याजवळ फडफडत थांबते, चोचीत तंतू गुंडाळते आणि घरट्यावर येऊन चोच डावी-उजवीकडे फिरवत ते चिकटवते. पिशवीचा आकार झाला की ती आत शिरून छातीने भिंती दाबते. बाहेरून घरटं आतल्या आत हलताना दिसतं. बांधकाम बहुतांशी मादी करते, नर जवळ वावरतो. अंडी साधारण दोन.

18. घरटं सापडलं. फोटो काढू का?

माझं स्पष्ट मत: नको. घरट्यासमोरची काडी बाजूला केली की सावली जाते, आणि तुम्ही वाट पाडलीत त्या वाटेने सरडा, साप किंवा कावळा येऊ शकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी नष्ट करण्याबरोबर अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. लांबून, दुर्बिणीने, थोडा वेळ बघा आणि निघा. घरट्याची नेमकी जागा कुणाला पाठवू नका.

19. आमच्या गॅलरीत वायरीला घरटं बांधलंय. काढलं तर चालेल का?

थांबा. उबवणं साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडेपर्यंत पुढे तेवढाच काळ, म्हणजे सगळं मिळून महिनाभर. तेवढे दिवस त्या वायरीला हात लावू नका, कपडे दुसरीकडे वाळत घाला, मांजर आत ठेवा. गॅलरीतला पाहुणा बहुतेक जांभळा किंवा जांभळ्या पाठीचा शिंजीर असतो; छोटा शिंजीर रान सोडून सहसा इथवर येत नाही.

20. तो दिवसभर गाडीच्या आरशावर चोच मारतोय. वेडा झालाय का?

अजिबात नाही. विणीच्या काळात नराला आरशातलं प्रतिबिंब दुसरा नर वाटतं आणि तो आपली हद्द राखतो. धायटीवरची राखण (प्रश्न 12) आणि हे वागणं एकाच मुळातलं. आरशावर कापडी पिशवी चढवा. खिडकीची काच असेल तर बाहेरच्या बाजूने कागद लावा. आतून पडदा लावला तर प्रतिबिंब उलट जास्त स्पष्ट होतं.

21. साखरपाणी ठेवलं तर चालेल का?

मी ठेवत नाही आणि सुचवतही नाही. साखरपाणी उन्हात लवकर आंबतं, भांड्यात बुरशी धरते, मुंग्या लागतात, आणि एकाच तोंडाला अनेक पक्षी लागल्याने रोग पसरायची भीती असते. त्यापेक्षा जागा असेल तर धायटी किंवा मुरुडशेंग लावा, नसेल तर कुंडीत जास्वंद. कीटकनाशक मारू नका, आणि कोपऱ्यातलं एखादं कोळ्याचं जाळं राहू द्या. प्रश्न 16 आणि 17 वाचले असतील तर का ते वेगळं सांगायला नको.

22. मोबाइलवर आवाज वाजवून बोलवलं तर?

जंगलात हे करू नये. विणीतला नर खाणं आणि राखण सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. फुललेल्या झुडपापाशी शांत बसलात तर आवाज वाजवायची वेळच येत नाही.

23. पिल्लू खाली पडलेलं सापडलं. घरी आणू का?

पिसं फुटलेलं, टुणटुण करणारं पिल्लू असेल तर ते बहुधा नुकतंच घरट्याबाहेर आलं आहे. जवळच्या झुडपात वरच्या फांदीवर ठेवा आणि लांब उभं राहून बघा. आई-बाप आवाजावर येतात. पिसं नसलेलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर हळूच परत आत ठेवा. माणसाचा स्पर्श झाला म्हणून आई टाकून देते, ही समजूत खरी नाही. जखमी असेल तर वनविभागाला कळवा. पाणी, दूध, मध असलं काहीही चोचीत घालू नका.

24. खात्री नसेल तर नोंद करावी की नाही?

जरूर करावी, पण जेवढं दिसलं तेवढीच. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, जात न ठरवता नुसता ‘शिंजीर’ असंही नोंदवता येतं. सोबत चार गोष्टी लिहा: पोटाचा आणि कुशीचा रंग, चोचीची लांबी, कुठल्या फुलावर होता, उजेड कुठल्या बाजूने होता. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि नंतर फोटोतल्या रंगावर वाद घालत बसतात. विणीचं वागणं दिसलं, जसं जाळ्याचे तंतू नेणारी मादी किंवा चोचीत कोळी धरून जाणारा नर, तर तेही लिहा, फक्त जागा ढोबळ ठेवा. पहिली नोंद करायला मुहूर्त हवाच असेल तर महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मात्र छोट्या शिंजिरासाठी धायटी फुलेपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत, फेऱ्या चालू ठेवा.